नागपूर दोन भाषा का बोलतं?

भंडाऱ्याहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. सीताबर्डीत गेलात की दुकानदार हिंदीत भाव सांगतो, शेजाऱ्याशी मराठीत बोलतो. का बरं? कारण हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. जबलपूर, रायपूर आणि आपला भंडारा, सगळ्यांचा कारभार इथूनच चालायचा. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, रोजगार आला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली. ती दीक्षाभूमी नक्की बघा. त्यानंतर १८ दिवसांनी राजधानीचा मान गेला. हिंदी जिल्हे मध्य प्रदेशात, आपण मुंबई राज्यात. १९६० पासून वाट्याला आलं ते विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. ते काही दिवसांत आटोपतं आणि माझ्यासारखे इंजिनिअर नोकरीसाठी पुण्याची गाडी पकडतात. राजधानी गेली, दोन भाषा तेवढ्या राहिल्या.