व्हायोलिनवाली अ‍ॅना मारिया

इटलीतल्या व्हेनिस शहरात पिएता नावाचा अनाथाश्रम होता. टाकून दिलेली तान्ही बाळं तिथं वाढत. निवडक मुलींना संगीत शिकवत. १७०३ साली विवाल्दी तिथं व्हायोलिन शिकवायला लागले. मुली जाळीआड बसून वाजवायच्या. ऐकायला परदेशातून लोक येत. आईबापांचा पत्ता नाही, आडनाव नाही. मग वाद्यच आडनाव झालं. ‘व्हायोलिनवाली अ‍ॅना मारिया’ अशीच एकीची ओळख. तिच्यासाठी विवाल्दींनी खास रचना केल्या.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणार असाल, तर विवाल्दींचे ‘चार ऋतू’ घ्या. ते १७२५ साली छापले गेले. आधी ‘वसंत’, त्यात पाखरं बोलतात. मग ‘उन्हाळा’, त्याच्या शेवटी वादळ सुटतं. गाण्याचे बोल नाहीत, म्हणून भाषेची अडचण नाही. एकेक ऋतू साधारण दहा मिनिटांचा. गटाच्या बैठकीआधी मोबाईलवर लावा.