गीताचा आग्रह आणि मौनाचा अधिकार

सन १९३८ च्या उत्तरार्धात निजामाच्या हैदराबाद संस्थानात ‘वंदे मातरम्’च्या गायनावरून विद्यार्थ्यांचा मोठा लढा उभा राहिला. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही हा वणवा पोहोचला. विद्यार्थी हटले नाहीत. शेकडो जणांचे शिक्षण खंडित झाले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात हे पर्व अभिमानाने सांगितले जाते, आणि ते उचितच आहे.

परंतु ज्या नागपुराने या विद्यार्थ्यांना जवळ केले, तेथेच त्या वेळी याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली होती. नागपूर ही काँग्रेस मंत्रिमंडळाच्या ताब्यातील मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. तेथील ‘विद्यामंदिर’ योजनेच्या नावाला आणि शाळांतील ‘वंदे मातरम्’ला मुसलमानांचा आक्षेप होता. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात अशा तक्रारी नोंदविल्या गेल्या. त्यात राजकारणाचा भाग मोठा होता. तथापि आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. गीताच्या उत्तरार्धात मातृभूमीला दुर्गेच्या रूपात वंदन आहे. हे ओळखूनच काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये, रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन, राष्ट्रीय सभांत पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले, आणि त्याऐवजी दुसरे निर्दोष गीत म्हणण्याची मुभाही ठेवली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मान्य केले. त्याची कसोटी १९८५ मध्ये केरळातील एका शाळेत लागली. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे ‘जन गण मन’ चालू असता आदराने उभी राहत, पण गात नसत. देवावाचून अन्य कशाचेही स्तवन त्यांच्या श्रद्धेला निषिद्ध होते. त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांच्या सर्वोच्च न्यायपीठाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आदराने उभे राहण्यात अवमानही नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हैदराबादचे विद्यार्थी गप्प बसण्यास तयार नव्हते, केरळची मुले गाण्यास तयार नव्हती. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन घटनांचे मूळ एकच आहे. मुखातील शब्द सत्तेने बंद करता येतात, तसे वदवूनही घेता येतात. भक्ती मात्र दोन्ही मार्गांनी निर्माण होत नाही. म्हणून १९३८ च्या निर्भय कंठांचा गौरव करणाऱ्यांवर १९८६ च्या त्या मौनाचा मान राखण्याची जबाबदारीही येते.