नांगर दाखवता येतो, पेशंट नाही

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाचा फाळ लागला की जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. वस्तू चांगली, करणारा माणूस सचोटीचा, आणि गिऱ्हाईक मात्र पाठ फिरवून उभं! अशा वेळी गप्प बसणं म्हणजे दुकान बंद करणं. बोलायलाच हवं होतं, दाखवायलाच हवं होतं.

पुढे १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. नावातच सगळं आलं. कारखान्याची खबर लोकांपर्यंत पोचवायची. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी त्याला धाकटी भावंडं झाली. आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत ही मासिकं येत, पण त्यांच्या मुळाशी एक न खपणारा नांगर आहे हे कोणाच्या ध्यानातही नसे. मला तर ते बीएला गेल्यावर समजलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शंकररावांनी कंपनीचं पान उघडलं, आणि लोकांना ते इतकं आवडलं की कंपनी मागे पडली नि पान पुढे गेलं.

हे सगळं आठवायचं कारण घरातलंच आहे. माझी पुतणी बालरोगतज्ञ आहे, मोशीत तिने कर्ज काढून दवाखाना थाटलाय. भाच्याचं भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी आणि काही जुनी लेथ मशिनं. दोघांनी एकाच महिन्यात मला विचारलं की फेसबुक, इन्स्टाग्रामवर धंद्याची जाहिरात करावी का. मलाच का विचारलं? तर मी ब्लॉग लिहितो, म्हणजे मला यातलं सगळं कळतं, असा आमच्या घरात एक गैरसमज आहे. पुतणीला एकाने महिन्याला बारा रीलचं पॅकेज सांगितलंय. दर महिन्याचा हप्ता डोक्यावर आणि वेटिंग रूममध्ये चार खुर्च्या रिकाम्या, म्हणजे प्रश्न काही गमतीचा नव्हता.

दोघांना मी दोन वेगळी उत्तरं दिली. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी भाच्याचं. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला जाहिरातीची सवयच नाही, आणि याला इतिहास आहे. पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. आकुर्डीला बजाज, १९६६ पासून टेल्को. आता बजाजचंच बघा. १९७२ मध्ये चेतक आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लग्नात जावयाला चेतक द्यायची म्हणून मुलगी शाळेत असतानाच नंबर लावणारे सासरे आम्ही पाहिलेत! दारात अशी रांग असताना जाहिरात कोण कशाला करील? ‘हमारा बजाज’ ही प्रसिद्ध जाहिरात टीव्हीवर आली ती १९८९ साली, तोवर बाजारात इतर गाड्या दिसायला लागल्या होत्या.

मोठ्यांची ही गत, तर छोट्यांचं काय सांगावं? भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपवाल्याचं गिऱ्हाईक म्हणजे एखादी मोठी कंपनी, आणि तिथला पर्चेसचा साहेब. सॅम्पल पास झालं, व्हेंडर कोड मिळाला, की पुढची वीस वर्षं तेच काम. बाहेर पाटीसुद्धा नसे. पत्ता विचारला तर ‘वडाच्या झाडासमोरचा शेड’ असं सांगत. दिवाळीला डायरी आणि मिठाईचा पुडा गेला की झाली वर्षाची प्रसिद्धी.

ही व्यवस्था चांगली चालली, पण मोठी कंपनी शिंकली की छोट्यांना ताप येई. २००० ते २००१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. तेव्हा या भागातल्या छोट्या शेडमध्ये काय अवकळा आली होती ते इथे राहणाऱ्यांना आठवत असेल. एकच गिऱ्हाईक असणं म्हणजे एकाच फांदीवर घर बांधणं. त्यात २००९ पर्यंत चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ येऊन बसल्या (मर्सिडीझ त्याआधी पिंपरीतच टेल्कोच्या आवारात होती). खरेदीचे निर्णय आता कुठे कुठे होतात, आणि ते घेणाऱ्या माणसाला वडाचं झाड माहीत नाही. तो नेटवर बघतो. म्हणून भाच्याला मी म्हटलं, ‘जरूर कर बाबा. लिंक्डइनवर जा, इंडियामार्टवर नाव घाल, मशिनांची यादी टाक, मोजमापाची कोणती साधनं आहेत ते टाक.’ लक्ष्मणरावांच्या जागी तो आहे. त्याची वस्तू चांगली आहे, ती कोणाला ठाऊक नाही, आणि ती तपासून घेता येते. नांगर जसा शेतात चालवून बघता येतो, तसा त्याचा शाफ्ट गेज लावून बघता येतो. खोटं बोलला तर पहिल्याच लॉटला उघडा पडेल.

आता पुतणीचं. इथे इतिहास निराळा आहे आणि मला तो अधिक रंजक वाटतो.

वकील, डॉक्टर, सीए यांनी जाहिरात करू नये हा संकेत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. वकिली ही प्रतिष्ठा आहे, दुकानदारी नव्हे, अशी ती कल्पना. यात थोडा सरंजामी तोरा होताच. ज्याच्या वडिलांचं नाव झालेलं आहे त्याला जाहिरात नकोच असते, अडचण होते ती पहिल्या पिढीच्या मुलाची. अमेरिकेत ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी १९७६ मध्ये वर्तमानपत्रात आपल्या फीचे दर छापले, म्हणजे साध्या घटस्फोटाचे इतके वगैरे. त्यांच्यावर कारवाई झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तिथे जाहिरातीला मोकळीक मिळाली. गरीब माणसाला वकील किती पैसे घेतो हेच ठाऊक नसेल तर तो वकिलाकडे जाणार कसा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता, असं मला आजही वाटतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ मध्ये आलेलं प्रकरण मात्र मुंबईचं, आणि अगदी आपल्याकडचं वाटावं असं. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहत, अशील येताना दिसलं की धावत जाऊन त्याला गाठत, ओढाताण करत, प्रसंगी आपसात हातघाईवर येत आणि फीही पाडून सांगत, अशी तक्रार होती. महाराष्ट्र बार कौन्सिलने ते प्रकरण धसास लावलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात वकिली म्हणजे व्यापार नव्हे हे खडसावून सांगितलं. मला विचाराल तर त्या कोर्टाच्या दाराचं आणि हल्लीच्या मोबाईलच्या पडद्याचं फार जवळचं नातं आहे. घाबरलेला माणूस आत येतोय आणि दहा जण त्याची बाही ओढताहेत! बार कौन्सिलने २००८ मध्ये वकिलांना वेबसाईटची परवानगी दिली ती नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. मार्च २०२५ मध्ये तर नटनट्या आणि इन्फ्लुएन्सर लावून जाहिरात करणाऱ्या वकिलांविरुद्ध बार कौन्सिलला पुन्हा पत्रक काढावं लागलं.

डॉक्टरांचे नियम २००२ सालचे. ते वाचून मला आमच्या शाळेची जुनी शिस्त आठवली. वर्तमानपत्रात निवेदन कधी द्यावं याचे प्रसंग ठरलेले: प्रॅक्टिस सुरू करताना, तिचा प्रकार बदलताना, पत्ता बदलताना, काही काळ बाहेर जाताना, परत आल्यावर, दुसऱ्याची प्रॅक्टिस पुढे चालवायला घेताना, आणि फी जाहीर करताना. पाटी नेहमीपेक्षा मोठी नको. केमिस्टच्या दुकानावर आपली पाटी लावणंही गैर. (मोशी ते चिखली रस्त्याने एकदा रिक्षातून जा आणि पाट्या मोजा, म्हणजे नियम आणि रस्ता यांतलं अंतर कळेल.) ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापायचा नाही, हेही त्यात आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले. त्यांत सोशल मीडियावर स्वतंत्र भाग होता. पेशंटचे फोटो टाकू नका, ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, पैसे देऊन लाईक आणि फॉलोअर विकत घेऊ नका. पण जेनेरिक औषधांच्या सक्तीसह एकूण नियमांवर गदारोळ झाला आणि २३ ऑगस्टला तीन आठवड्यांच्या आतच सगळं स्थगित केलं. पुन्हा २००२ चेच नियम लागू. ऑर्कुट सुरू झालं २००४ साली. म्हणजे ऑर्कुट जन्मलं, गाजलं आणि २०१४ मध्ये बंदही पडलं, पण डॉक्टरांचे नियम त्याच्या आधीचे.

पण मला नियमांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पुतणीच्या पॅकेजमधली बारा रील कशाची, ते मी विचारलं. त्याने कागद पाठवला होता. त्यातली सात पेशंटची होती. हसणारं बाळ, रडून हसणारं बाळ, ‘आमच्या डॉक्टर ताई’ म्हणणारी आई. मी तिला विचारलं, ‘यातलं तुझं काय आहे?’

किर्लोस्करांचा नांगर किर्लोस्करांचा होता. त्यांनी तो चौकात उभा केला तरी कोणाचं काही उघडं पडत नव्हतं. डॉक्टरचं कसब दिसतं ते पेशंटच्या अंगावर, वकिलाचं अशिलाच्या भांडणात, सीएचं दुसऱ्याच्या हिशेबात. तो पुरावा दाखवायचा तर दुसऱ्याची वस्तू दाखवावी लागते. मोठ्या पेशंटची परवानगी घेता येईल. पण आजारी मुलाच्या आईने डॉक्टरसमोर बसून ‘हो’ म्हणणं ही परवानगी कितपत खरी? आणि ते बाळ वीस वर्षांनी काय म्हणेल? पुतणी यावर चिडली. ‘काका, सगळेच करतात. मी नाही केलं तर मीच मागे पडेन,’ म्हणाली. तिचंही चूक नाही. हप्ता तिला भरायचाय, मला नाही.

गंमत अशी की हाच घोळ भाच्याच्याही वाट्याला आला. त्याने हौसेने मशिनवर चढलेल्या एका पार्टचा व्हिडिओ टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक कंपनीचा फोन. ड्रॉइंग आमचं, पार्ट आमचा, ताबडतोब काढा. बिचाऱ्याला वाटलं होतं की आपण आपलं काम दाखवतोय. जॉबवर्क करणाऱ्याच्या हातातही दुसऱ्याचंच गुपित असतं. आता तो एक साधा ॲल्युमिनियमचा ठोकळा स्वतःच डिझाईन करून कापतो आणि त्याचा व्हिडिओ टाकतो. मला ही युक्ती फार आवडली.

आम्हा मास्तर लोकांनीही इथे नाक वर करू नये. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो आणि टक्के किती वर्षं झळकताहेत! एकच हुशार मुलगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसताना मी चिंचवड स्टेशनच्या चौकात पाहिली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव नि फोटो वापरायचा तर त्याची लेखी परवानगी हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या अर्जातच सही घेऊन ठेवायची सोय राहिली नाही. ‘नंतर’ हा एकच शब्द घालून त्यांनी केवढी गोष्ट साधली! अडलेला असताना दिलेला होकार आणि मोकळा झाल्यावर दिलेला होकार, यांतला फरक त्यांना कळला.

पुतणीला मी शंकररावांचा मार्ग सुचवला. जे तुझं आहे ते लिही. लसींचं वेळापत्रक, ताप आल्यावर घरी काय करायचं आणि कुठल्या लक्षणाला रात्रीच धावायचं, जुलाब झाले तर मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण. मराठीत लिही, हिंदीतही लिही, कारण चाकणला कामाला आलेली बिहार-उत्तर प्रदेशची कितीतरी कुटुंबं आता मोशीला राहतात. तिने दोन लेख टाकलेत. रविवारी दवाखाना उघडा असतो का, एवढाच प्रश्न त्याखाली सर्वांत जास्त आलाय. पॅकेजवाला मात्र अजून फोन करतो. परवा तो त्याच पैशांत सोळा रील देतो म्हणाला.