मुक्काम करू नये

पत्राच्या पाकिटावर पत्ता लिहिताना आपण नावाखाली ‘मु. पो.’ ही अक्षरे घालतो. पत्रलेखन शिकवताना मी वर्गाला विचारतो, की ‘मु.’ म्हणजे काय? ‘मुक्काम’ हे उत्तर चटकन येते. पण मुक्काम म्हणजे प्रवासातली वस्ती. मग सात पिढ्या एकाच घरात नांदलेल्या माणसाच्या पत्त्यात हा शब्द कशासाठी, असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात. शब्द मूळचा अरबी. फौजांबरोबर आणि दप्तरांबरोबर तो मराठीत आला आणि असा रुळला, की आपले राहते घरसुद्धा आपण मुक्काम म्हणूनच लिहितो.

हा शब्द ज्या भाषेत इतका घरचा झाला, त्याच भाषेत आता ‘येथे रात्री मुक्काम करू नये’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. कोकणातल्या एका किनाऱ्यावर सुरूच्या बनाशी मी ती पाहिली. खाली लहान अक्षरात ‘स्वयंपाक करू नये, गाडीत झोपू नये’ अशी पुरवणी होती. पाटी पाहून मला राग आला नाही, कारण तिच्यामागेच फुटक्या बाटल्यांचा आणि पत्रावळींचा ढीग पडला होता. मात्र एक कुतूहल जागे झाले. वाटसरूला ‘रात्री येथे थांबू नकोस’ असे सांगण्याची रीत केव्हापासूनची, आणि ते कोण कोणाला सांगत आले?

ह्या पाट्यांचे माहेर म्हणावे तर इंग्लंड. तिकडे मोटारीतच बिछाना, चूल, पाण्याची टाकी असा संसार मांडलेल्या गाड्या फार. त्यांना मोटारहोम म्हणतात. आपण घरगाडी म्हणू. उन्हाळ्यात अशा गाड्या समुद्रकाठच्या गावी येतात आणि लाटांकडे तोंड करून उभ्या राहतात. गावकरी म्हणतात, ह्यांनी आमचा समुद्र झाकला, सांडपाणी गटारात सोडले आणि खानावळवाल्याला एक दिडकी दिली नाही. गाडीवाले म्हणतात, आम्ही तुमच्याच दुकानातून पाव, मासळी घेतो. मग रात्रीच्या मनाईच्या पाट्या लागतात, कोठे वाहनतळाच्या तोंडाशी आडवा खांब येतो. साधी मोटार त्याखालून जाते, उंच घरगाडी अडते.

गंमत अशी, की गाडीत झोपणे हा त्याच देशात एके काळी उघड गुन्हा होता. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर घरी परतलेले बेकार शिपाई आणि निर्वासित मजूर रस्तोरस्ती दिसू लागले. त्यांच्या बंदोबस्तासाठी 1824 साली पार्लमेंटने भटकेगिरीचा कायदा केला. ओसाड इमारतीत, तंबूत, उघड्यावर, किंवा गाडीत वा छकड्यात जो वस्ती करील आणि ज्याच्यापाशी उदरनिर्वाहाचे साधन दिसून येणार नाही, त्याला शिक्षा. ह्यातले शेवटचे कलम ध्यानात ठेवावे. गाडी सगळ्यांची सारखीच. गुन्हा ठरायचा तो खिशावरून.

पुढे 1885 साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातील निवृत्त शल्यवैद्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात एक डौलदार घोडागाडी बांधून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. महोगनीचे काम, पुस्तकांचे कपाट, दोन घोडे, एक सारथी आणि पुढे तीनचाकी सायकलवरून वर्दी देणारा एक नोकर, असा थाट घेऊन ते ट्वायफर्डहून स्कॉटलंडातील इनव्हरनेसपर्यंत गेले. रात्री खाणावळीच्या अंगणात नाहीतर कोणाच्या कुरणात उतरत. त्यांना कोणी भटक्या म्हणून तुरुंगात घातले नाही. हौशी लोकांच्या साऱ्या घरगाड्या ह्या गाडीच्या वंशातल्या. ज्या जिप्सींच्या गाडीची ती नक्कल होती, त्यांना मात्र गावोगाव हुसकले जातच होते.

आता आपल्याकडे वळू. आपला जुना महाराष्ट्र मुक्कामाच्या बाबतीत उदार होता असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या आपल्याच राज्यापुरत्या नव्हेत. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असे तळ आजही सांभाळले जातात. ह्या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावली. लाखो माणसे एका रात्रीत गावाच्या शिवारात उतरतात, आणि गाव पाटी लावण्याऐवजी पिठले-भाकरी घेऊन वेशीवर येते.

दुसरे उदाहरण ह्याच दिवसांतले. दिवाळी सरली, की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर आपला वाडा हलवतात. त्यांचा वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. काही कुटुंबे, शेकडो मेंढरे, सामान वाहणारी घोडी आणि कुत्री मिळून होणारा चालता वाडा. देशावरचा चारा आटतो, तेव्हा ते घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. कोकणात भात कापून झालेले असते. रात्री रिकाम्या खाचरात वाघूर, म्हणजे जाळी, लावून मेंढरे बसवली, की सकाळी जमिनीला लेंडीखत मिळालेले असते. म्हणून शेतकरी त्यांना थांबण्याचा आग्रह करी आणि वर धान्य मोजून देई. ‘आज रात्र माझ्या शेतात बसा’ म्हणून दोन शेतकऱ्यांत चढाओढ लागे. रात्रीच्या मुक्कामाबद्दल भाडे मिळे ते उतरणाऱ्याला!

लमाणांच्या तांड्यांचेही असेच. मीठ आणि धान्य पाठीवर घेऊन त्यांचे बैल घाट चढत-उतरत. 1803 सालच्या दख्खनच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीची फौजही त्यांच्याच बैलांवरच्या धान्यावर अवलंबून होती. 1853 साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, 1863 साली ती बोरघाट चढून आली, आणि तांड्याचे काम हळूहळू संपले. काम संपल्यावर तांडा गावाला नकोसा झाला.

पाटीचे बीज येथे आहे. वाटसरूचे स्वागत कोठे झाले ते पाहिले, तर तीन गोष्टी दिसतात. तो कोण हे गावाला ठाऊक असते, तो जाणार केव्हा हे ठाऊक असते, आणि त्याच्या येण्याने गावाचा काही लाभ असतो, मग तो खताचा असो की पुण्याचा. ह्या तिहींतली एकेक गोष्ट नाहीशी झाली, की पाहुणा परका होतो.

इंग्रज सरकारने ही परकेपणाची भावना कायद्यात ओतली. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि 1911 साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी नव्याने झाला. जमात जाहीर झाली, की तिच्यात जन्मलेल्याची नोंद, हजेरी, आणि हद्दीबाहेर जायचे तर परवाना. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. ज्यांचा धर्मच चालणे, त्यांना कुंपणात कोंडले, आणि कुंपणाबाहेर जे पाल ठोकून राहत त्यांच्यामागे पोलीस लावले. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी संशय राहिला. त्या संशयात पाल उठवण्याचा हुकूम ऐकत वाढलेल्या पोराची कहाणी लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’मध्ये 1980 साली लिहिली, तेव्हा शहरी वाचक हादरला होता.

इतका इतिहास मनात ठेवून मुळशी तालुक्यातल्या लवासाकडे पाहावे. टेमघरचा घाट ओलांडला, की मोसे नदीवरील वरसगाव धरणाचा जलाशय लागतो. पुण्याला पाणी पाजणाऱ्या धरणांपैकी हे एक. त्याच्या काठी दासवे गावाच्या जागी रंगीत घरांची ओळ उभी आहे. ती इटलीतल्या पोर्तोफिनो ह्या समुद्रकाठच्या गावाच्या धर्तीवर बांधली. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत समुद्राशिवायचे समुद्रगाव! राज्य सरकारने 1996 साली खाजगी गिरिस्थानांसाठी नियम केले, त्यातून ही कल्पना वाढली. 2008 साली तर नगररचनेचा अधिकारही कंपनीकडेच गेला. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवले, पुढल्या वर्षी अटी घालून परवानगी दिली. 2017 साली नगररचनेचा अधिकार काढून घेण्यात आला आणि 2018 साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेले.

पाण्याकाठच्या फरसबंदीवरून फिरताना मला नव्या घरांपेक्षा ते पाणीच जास्त बोलके वाटले. ह्या खोऱ्यातल्या माणसांनी धरणासाठी आधी घरे सोडली होती. आणि ह्याच तालुक्यात, मुळशीच्या धरणाविरुद्ध, 16 एप्रिल 1921 ला रामनवमीच्या मुहूर्तावर मावळ्यांनी सत्याग्रह मांडला होता. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट त्या लढ्याचे पुढारी. 1924 पर्यंत लढा चालला, धरण झालेच, गावे बुडाली. ज्यांच्या पत्त्यात ‘मु.’ पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांना कळले, की तोही मुक्कामच होता. मग त्याच तालुक्यात अशी घरे उभी राहिली, ज्यांतली कित्येक मालकाची शनिवार-रविवारी वाट पाहतात. वर्षात चार रात्री उतरणारा येथे रहिवासी, आणि बारा महिने चालणारा धनगर परका. हा हिशेब कोणी मुद्दाम मांडला असे मी म्हणत नाही. पण काठ कोणाचा आणि पाटी कोणी लिहायची, हे ज्याच्या हाती, त्याच्या सोयीने हिशेब लागतो, एवढे खरे.

आपल्या किनाऱ्यावरचा आजचा तंटा ह्याच हिशेबातला आहे. गोव्याला दरवर्षी भाड्याच्या बसगाड्या भरून माणसे जातात. शेजारच्या जिल्ह्यांतली ही बेताची मिळकत असलेली मंडळी. बरोबर तांदूळ, शेगडी, गॅसची टाकी. हॉटेलचे दर परवडत नाहीत, म्हणून रस्त्याकडेला भात शिजवतात आणि रात्री बसमध्येच आडवी होतात. ही गरिबाची घरगाडीच की! गोवा सरकारने 2019 साली पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती केली. उघड्यावर स्वयंपाक केला तर एकट्याला 2,000 रुपये आणि टोळीला 10,000 रुपये दंड तेव्हा ठरला. 2022 च्या ऑक्टोबरात आणखी कडक हुकूम निघाला.

गोवेकरांची बाजू खोटी नाही. वाळूत पुरलेल्या काचा त्यांच्याच मुलांच्या पायांत जातात. विहिरीशेजारी शौचाला बसलेला पाहुणा कोणालाच देव वाटत नाही. पण नुसत्या दंडाने भूक आणि झोप थांबत नाहीत. माणूस पाटीपासून चार फर्लांगांवर, जेथे पाटी नाही तेथे, जाऊन तेच करतो.

फ्रान्सने निराळा विचार केला. तेथे गावोगाव घरगाड्यांसाठी नेमलेल्या जागा आहेत. पाणी भरायची तोटी, सांडपाणी ओतायची मोरी, थोडे शुल्क आणि मुक्कामाची मर्यादा, एवढाच पसारा. आपल्या सरकारनेही 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात अशा गाड्यांसाठी तळांची योजना मांडली. धोरण चांगले, मात्र ते महागड्या गाडीपुरते राहू नये. ज्या तळावर लाखो रुपयांची घरगाडी उभी राहील, त्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसमधल्या चाळीस माणसांना शेगडी पेटवता यावी, नळ आणि शौचकूप मिळावे. आणि घाट उतरणाऱ्या धनगराच्या वाड्याला शिवारात रात्र काढायला हक्काची जागा राहावी.

जुन्या धर्मशाळा ह्याच होत्या. तेथेही नियम होते: किती रात्री राहायचे, चूल कोठे मांडायची, विहीर कशी राखायची. पण आधी छप्पर होते, मग नियम. आपण हल्ली नियमाची पाटी आधी ठोकतो आणि छपराचे काम पुढच्या अंदाजपत्रकावर सोडतो. ‘येथे मुक्काम करू नये’ असे ज्या गावाला लिहावेसे वाटेल, त्याने खुशाल लिहावे. मात्र त्याखाली एक ओळ आणखी हवी, ‘मुक्कामाची सोय अमुक ठिकाणी आहे’, आणि ती खरी हवी.

ह्या दिवाळीच्या सुटीत वाचकांपैकी पुष्कळजण किनाऱ्याकडे किंवा डोंगराकडे निघतील. वाटेत घाटात मेंढरांचा कळप आडवा आला, तर घटकाभर गाडी थांबवावी, भोंगा वाजवू नये. ती मंडळी आपल्याआधी कितीतरी शतके ह्या वाटेने मुक्कामाला चालली आहेत.