बराकीला फुटलेल्या खोल्या

बेकायदा बांधकामाचा विषय निघाला की ठाणे जिल्ह्यात उल्हासनगरचं नाव आधी घेतलं जातं. पण इथल्या वाढीव बांधकामाची सुरुवात लोभातून झाली नाही, ती अडचणीतून झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी तळावर २,१२६ बराकी आणि १,१७३ कर्मचारी निवासस्थानं होती. सोय होती सहा हजार सैनिकांची आणि इतर तीस हजारांची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं तिथे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीला उल्हास नदीवरून नाव दिलं. राहायला मात्र त्याच बराकी होत्या.

मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेक बराकींची रचना. पुढच्या मुक्कामाला निघालेल्या सैनिकाला खाट टाकण्यापुरती जागा पुरते. त्याला चूल, मोरी, बाळंतिणीसाठी आडोसा लागत नाही. कुटुंबांनी त्या हॉलमध्ये गोणपाटाचे पडदे बांधून संसार मांडले. मग पडद्याच्या जागी भिंत आली, मागे मोरी, पुढे पडवी. मुलांची लग्नं झाली तसा माळा, आणि जमलं तिथे वर मजला. लंडनमध्ये बग्ग्यांचे दिवस सरल्यावर श्रीमंतांच्या पागांची अशीच घरं झाली. त्यांतल्या कित्येकांना आज वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. इथे मात्र निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदाच १९५४ साली झाला. तोवर मालकीचा कागद नाही, म्हणून मंजूर नकाशाही नाही. घरातली माणसं वाढायची थोडीच थांबणार होती!

यावर कुणी म्हणेल, नव्वदीच्या दशकात उठलेल्या पाच-पाच मजली इमारतींचं काय? त्या काही थोरल्या मुलाच्या लग्नासाठी बांधल्या नव्हत्या. आक्षेप खरा आहे, आणि गंभीरही: मे २०२१ मध्ये इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून बारा माणसं गेली. म्हणूनच कुटुंबाने वाढवलेली खोली आणि बिल्डरने विकायला उठवलेला मजला यांत फरक करायला हवा. उल्हासनगरची अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास कायदा झाला खरा, पण तो बांधून झाल्यानंतरचा उपाय. बराक कुठवर वाढवता येईल, पाया किती भार पेलेल, मोरीचं पाणी कुठे सोडायचं, याचा सोपा नमुना पन्नासच्या दशकातच लोकांच्या हाती द्यायला हवा होता. ज्या बराकी अजून उभ्या आहेत, त्यांच्यासाठी तो आजही करता येईल.