संस्थापकानंतरचे वृत्तपत्र : ‘दीनबंधू’च्या हस्तांतराचा इतिहास (१८७७–१९१२)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा इतिहास बहुतांशी संस्थापकांच्या चरित्रांच्या आधारे लिहिला गेला आहे. पत्र कोणी काढले, याची नोंद ठळकपणे होते. ते काढणारा बाजूला झाल्यावर पुढे कोणी आणि कशाच्या बळावर चालविले, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ १८८२ मधील त्यांच्या निधनानंतर पुढे चालली नाही. एकाच लेखणीवर उभ्या असलेल्या नियतकालिकाचे ते ठळक उदाहरण होय. ‘दीनबंधू’ या साप्ताहिकाची कथा याहून वेगळी आहे. संस्थापकाने सोडल्यानंतरही हे पत्र दीर्घकाळ टिकले. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्यातील प्रारंभ

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाची भूमिका मांडणारे पत्र असावे, ही गरज कार्यकर्त्यांना लवकरच जाणवू लागली. तत्कालीन मराठी वृत्तपत्रसृष्टी प्रामुख्याने उच्चवर्णीय सुशिक्षितांच्या हाती होती आणि सत्यशोधकांच्या विचारांना तेथे टीकेखेरीज फारसे स्थान नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. शेतकऱ्यांची स्थिती आणि बहुजनांचे शिक्षण हे या पत्राच्या आस्थेचे विषय होते.

पत्राचा आर्थिक भार मुख्यतः भालेकरांनाच सोसावा लागला. ज्या वर्गासाठी पत्र निघत होते, त्या वर्गात साक्षरता अत्यल्प होती. वर्गणी भरण्याची ऐपत त्याहून कमी. जाहिरातदार अथवा संस्थानिकांचा भरीव आश्रय लाभलेला नव्हता. ध्येयनिष्ठेवर पत्र सुरू करता येते, परंतु कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च ध्येयनिष्ठेने भागत नाही. अखेर या ओढाताणीमुळे भालेकरांना पत्र चालविणे अशक्य झाले.

मुंबईतील पुनरुज्जीवन

१८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ मुंबईत आणले. रेल्वे व टपाल खात्यांत काम केल्यानंतर ते मांडवी येथील एका कापडगिरणीत नोकरीस होते. सुरुवातीस पत्र हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते, तर नोकरी सांभाळून स्वीकारलेले कार्य होते. मुंबईतील सत्यशोधकांत तेलुगू भाषक कंत्राटदारांचा एक सधन गट होता. त्याच्या साहाय्यामुळे पुण्यात एकट्याच्या खांद्यावर असलेला भार काही प्रमाणात वाटला गेला.

स्थलांतराबरोबर पत्राचा आशयही बदलला. शेतकऱ्याच्या जोडीला गिरणीकामगार आला. लोखंडे यांनी १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करण्यात आले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली. या चळवळीत ‘दीनबंधू’ हे लोखंडे यांचे हक्काचे व्यासपीठ होते.

मतभेदाचा प्रसंग

नवा चालक हा जुन्या मंडळींचा केवळ हस्तक नसतो, याचा प्रत्यय १८८३ मध्ये आला. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त प्रसिद्ध झाली, पुढील प्रकरणे मात्र छापली गेली नाहीत. फुले यांना ही गोष्ट रुचली नाही व ती नाराजी त्यांनी लेखी व्यक्त केली. लोखंडे यांच्या या निर्णयास भीरुता म्हणावे की पत्र जिवंत ठेवण्याची काळजी, याविषयी दोन मते संभवतात. लेखकास आपले म्हणणे पूर्णपणे मांडावयाचे असते. चालकास पुढचा अंकही काढावयाचा असतो. या दोन जबाबदाऱ्या एकाच चळवळीत परस्परविरोधी ठरू शकतात. तथापि या मतभेदानंतरही पत्र सत्यशोधक परंपरेतच राहिले, ही बाब महत्त्वाची आहे.

लोखंडे यांच्यानंतर

फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले. पुढे बडोदे संस्थानात ग्रंथपाल राहिलेले वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनी पत्राची धुरा घेतली. त्यांच्या अकाली मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादनाची जबाबदारी स्वीकारली आणि १९१२ पर्यंत ती सांभाळली. भारतातील पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. पुण्यात सत्यशोधक कुटुंबात वाढलेल्या तानुबाईंच्या रूपाने चळवळीच्या शिक्षणकार्याचे फळच जणू तिच्या मुखपत्रास उपयोगी पडले.

भालेकरांचा वारसाही अन्य मार्गाने चालू राहिला. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ अर्धशतकाहून अधिक काळ चालविले.

निष्कर्ष

‘दीनबंधू’ टिकले याची तीन कारणे दिसतात. पहिले, त्याचा वाचकवर्ग संपादकाच्या लेखनशैलीशी नव्हे, तर स्वतःच्या प्रश्नांशी बांधलेला होता. दुसरे, प्रत्येक चालकाने नाव कायम ठेवून आपल्या परिसराचे प्रश्न पत्रात आणले. पूर्वसुरींची नक्कल केली नाही. तिसरे, खर्चाचा भार वाटून घेणारे सहकारी लाभले. मात्र या सातत्याची किंमत मोठी होती. ती भालेकर, लोखंडे आणि बिर्जे कुटुंबांनी आपला पैसा, वेळ व आयुष्य वेचून दिली. ‘दीनबंधू’चे मूळ अंक आज दुर्मीळ आहेत. त्यातील बराच मजकूर सरकारी भाषांतरकारांनी देशी वृत्तपत्रांच्या साप्ताहिक अहवालांत घेतलेल्या उताऱ्यांमधूनच अभ्यासकांपर्यंत पोहोचतो. ज्यांनी पत्र जगविले, त्यांचे शब्द परक्या भाषेतील सारांशातून वाचावे लागावेत, ही या इतिहासाची उरलेली खंत होय. संस्थापकांइतकीच नंतर आलेल्या चालकांची नोंद घेतल्याशिवाय मराठी पत्रकारितेचा इतिहास पूर्ण होणार नाही.