सुताराचा हात आणि कातीव लेखणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासातील एखाद्या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. वंशावळी, कुलदैवते आणि श्रीविश्वकर्म्याची पुराणोक्त कथा यांवर अधिकारी लेखक दरवर्षी लिहीतच असतात. प्रस्तुत लेखकाने एक अगदी लहान वस्तू निवडली आहे. ती म्हणजे लाकडी लेखणी. गेल्या वर्षी, वयाच्या पासष्टीत, मी प्रथमच लेथवर एक लेखणी कातली. ती कातीत असता दोन प्रश्न मनात उभे राहिले. ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या लाकूड घडविले, तिच्या हाती लेखणी इतक्या उशिरा का आली? आणि लेखणी आली तेव्हा हातातील वाकस का सुटला?

आरंभ शब्दापासून करू. मराठीत सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोहोंस एकच क्रियापद आहे. दोन्ही ठिकाणी वस्तू फिरते आणि हात स्थिर राहतो. लाकूड कातणाऱ्यास कातारी म्हणत आणि त्याच्या यंत्रास चरक. आज आपण त्यास लेथ म्हणतो. जुन्या चरकाची रचना फार साधी असे. दोन खुंट्यांच्या लोखंडी टोकांमध्ये लाकूड आडवे धरावे, त्यास दोरीचे वेढे द्यावेत, साहाय्यकाने दोरीची टोके आळीपाळीने ओढावीत आणि कारागिराने जमिनीवर बसून हाताने व पायाच्या बोटांनी पटाशी आवरावी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे येताना धार लागे, मागे जाताना ती किंचित दूर घ्यावी लागे. सुताराचा कमानीने फिरणारा सामता याच तत्त्वावर चालतो. पाळण्याचे खांब, खाटेचे पाय, रवी, लाटणे आणि पोरांचा भोवरा ही सारी कातकामाचीच अपत्ये होत. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी या कामास लाखेच्या रंगाची जोड दिली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते.

आता लेखणीकडे वळू. पूर्वीची आपली लेखणी म्हणजे बोरू. तो पोकळ काडीचा असे. चाकूने तासावा, टोक तिरपे छाटावे, मध्ये चीर द्यावी, म्हणजे काम झाले. त्यासाठी सुताराची गरज नव्हती. बोरूने मोडी लिहिणारे कारकून निराळे आणि नांगर घडविणारे हात निराळे. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, गाडी यांच्या कामाबद्दल त्यास खळ्यावर धान्य मिळे. आमच्या इगतपुरी तालुक्यात ते भाताच्या राशीवर मोजून घेत. या व्यवहारास स्मरण आणि शब्द एवढेच पुरे होते. लिहिणे हे कुलकर्ण्याच्या दप्तरातील काम. तरीही विद्येच्या साहित्याशी सुताराचा संबंध नव्हता असे नाही. पंतोजीच्या शाळेतील मुले ज्या धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, ती फळी कोणीतरी रंधा मारून गुळगुळीत केलेली असे. त्या फळीवर त्या रंधा मारणाऱ्याच्या मुलाचे बोट मात्र क्वचितच फिरले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी पोलादी निबे यंत्राने तयार होऊ लागली आणि त्यांनी जगभरच्या शाळा व कचेऱ्या व्यापल्या. निबास धरावयास दांडा हवा. त्यातून आपला टाक आला. टाकाचा गोल दांडा हे उघड उघड कातकाम होय. म्हणजे बोरू जाऊन टाक आला, तेव्हा लेखणी प्रथमच चरकाच्या कक्षेत आली. याच काळात लेखणी सर्वांच्या मुलांस मिळावी असा आग्रहही सुरू झाला. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. 1906 साली सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात आणि 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण सुरू केले. सुताराच्या पोराला शाळेचा उंबरठा ओलांडता आला, तो अशा प्रयत्नांमुळे.

घोटीसारख्या गावी आणखी एक फेरबदल घडत होता. 1865 साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी चढली. मुंबई-आग्रा रस्ता होताच; आता रूळही आले. 1915 साली जी. आय. पी. रेल्वेने माटुंग्यास डब्यांचा कारखाना उभारला. अशा कारखान्यांतून सुताराच्या हातास महिन्याच्या पगाराचे काम मिळू लागले. तेथील लेथ पट्ट्याने, पुढे विजेने चाले आणि एकाच दिशेने फिरे. खळ्यावरचे धान्य आणि महिन्याचा पगार यांतील अंतर ज्याने पाहिले, त्याने मुलास शाळेत घातले यात नवल नाही.

लेखणी आणि चरक यांची खरी गाठ मात्र स्वदेशीच्या काळात पडली. आंध्रातील राजमहेंद्री येथे कोसूरी वेंकट रत्नम हे सोनारी साचे बनविणारे कारागीर होते. सोनार हाही पंचशिल्पांपैकी एक, तेव्हा ते आपले दूरचे बंधूच म्हणावयाचे. 1921 साली गांधीजींनी त्यांस सर्वसामान्यांच्या उपयोगाची स्वदेशी वस्तू करण्यास सुचविले. पुढे रत्नम यांनी एबोनाइटच्या कांड्या लेथवर कातून शाईचे पेन केले. त्यांचे पेन कुमारप्पा यांच्यामार्फत वर्ध्यास पोहोचले आणि 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी तेथून पत्र लिहून, हे पेन परदेशी पेनांची जागा घेण्याजोगे आहे, अशा अर्थाची पोच दिली. इकडे मुंबईत 1931 पासून दांडेकर बंधूंनी शाईच्या भुकट्या व वड्या करण्यास आरंभ केला होता. पुढे त्यातूनच कॅम्लिनचा व्याप वाढला.

त्याच वर्ध्यास ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना आखली. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, असे तिचे मुख्य सूत्र होते आणि त्या उद्योगांत सुतारकामही होते. मी तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत शिकविले. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असे. परीक्षा जवळ आली की तोच प्रथम गणिताला जाई. इतरांस दोष कशाला द्या, हे मी स्वतःही केले आहे.

येथे वडिलांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ते घोटीच्या पंचक्रोशीत नांगर, कुळव आणि बैलगाड्या करीत. आमच्या शाळेचा फळा व त्याची तिपाई त्यांनीच घडविली होती. मला शाळेत घालावयास आले तेव्हा त्यांनी नोंदवहीवर अंगठा उठविला. ज्या फळ्यावर मी अक्षर शिकलो, त्यावरचे त्यांस वाचता येत नव्हते. मी वाकसास हात लावला की ते तो काढून घेत आणि म्हणत, "तू लेखणी धर. हे माझ्यापर्यंत पुरे." मी त्यांची आज्ञा पाळली. मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली.

निवृत्तीनंतर ज्ञातीतीलच एका तरुण कारागिराच्या दुकानी बसू लागलो. तो लेथवर लाकडी पेने करतो. एके दिवशी म्हणाला, "गुरुजी, बसा तुम्हीच." कृती ऐकावयास सोपी आहे. चौकोनी तुकड्यास लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडावे, त्यात पितळेची नळी चिकटवावी, दोन्ही टोके नळीच्या काटकोनात घ्यावीत, मग तो तुकडा बारीक गजावर ओवून लेथवर चढवावा आणि गोलचीने कोपरे उतरवावेत. पहिल्या तुकड्यात माझे भोक तिरके जाऊन कडेने बाहेर पडले. दुसऱ्यात गोलचीची धार एकदम रुतली, मोठा आवाज झाला आणि लाकडाच्या ढलप्या उडाल्या. शिकविणारा शांतपणे म्हणाला, "आधी पाठ टेकवा, मग धार. घाई लाकडाला कळते." असेच वाक्य मी मुलांस शुद्धलेखनाच्या वेळी सांगत असे.

तिसऱ्या तुकड्यातून शिसवाची लेखणी तयार झाली. पॉलिश झाल्यावर ती अशी चमकली की मी ती घरोघर दाखवीत हिंडलो. उन्हाळा आला आणि तिला उभी चीर गेली. कारण कळावयास वेळ लागला नाही. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात आणलेले ते लाकूड पुरते वाळलेले नव्हते. लाकूड आकसले, आतील पितळ आकसले नाही. वडील चाकावर लोखंडी धाव तापवून चढवीत. ती निवताना आकसे आणि चाक आवळून धरी. तेथे आकसणारे बाहेर लोखंड होते, आत लाकूड. येथे आकसणारे लाकूडच बाहेर होते, म्हणून ते फाटले. वडिलांना हे कोणी सांगावे लागले नसते. मला मात्र ते चीर पडल्यावर उमगले.

मग माळ्यावर पडलेल्या मोडक्या गाडीच्या चाकातील बाभळीचा एक आरा काढला. त्यांच्या हातचा, कित्येक उन्हाळे खाल्लेला. त्याची लेखणी अद्याप चिरलेली नाही. हा लेख त्याच लेखणीने लिहिला आहे.

आता मूळ प्रश्नांकडे येतो. लेखणी उशिरा आली, कारण गावगाड्याने करणे आणि लिहिणे यांची वाटणी करून टाकली होती. ती वाटणी मोडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी वाकस बाजूस ठेवला; त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु लेखणी हाती आल्यावर आपण त्या वाटणीची फक्त बाजू बदलली आणि ती वाटणी तशीच राहू दिली, हे कबूल केले पाहिजे. आज आपली काही मुले नाशिकच्या कारखान्यांत टर्नर म्हणून काम करतात; ते कातारीच होत, केवळ नाव निराळे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचे साहाय्यही आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण लाकूड केव्हा वाळले हे ओळखणारे हात कोणतीही योजना देऊ शकत नाही. तशी माणसे घरोघर अद्याप आहेत, वृद्ध आहेत आणि त्यांतील पुष्कळांनी काही लिहून ठेवलेले नाही.

ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, या वर्षी आपल्या घरातील वडीलधाऱ्या कारागिराजवळ बसावे, तो सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे आणि उतरवून झाल्यावर त्याच्या देखत एकदा अवजार हाती धरावे. पहिला तुकडा फुटेल. फुटू द्यावा. माझी चिरलेली शिसवी लेखणी मी टाकून दिलेली नाही; ती टेबलावर दुसरीच्या शेजारी ठेवली आहे.